उतरण आणि गोधडी

१

जुनी वस्तू टाकू नये, तिला दुसरे आयुष्य द्यावे, हा विचार आज सर्वत्र मांडला जातो. पृथ्वीवरची साधने मर्यादित आहेत, कचऱ्याचे ढीग वाढत आहेत. तेव्हा या विचाराशी माझे भांडण असण्याचे कारण नाही. माझे भांडण त्यातल्या एका गृहीताशी आहे. हा विचार मांडणाऱ्यांना असे वाटते की, जुनी वस्तू एका घरातून निघून दुसऱ्या घरात गेली की तिचा मागचा इतिहास पुसला जातो. या देशात तो तसा पुसला जात नाही. जुनी वस्तू कोणाच्या घरातून निघावी, कोणाच्या घरात जावी आणि तिने उलट वाटेने कधीही परत येऊ नये, याचे नियम येथे होते. ते ग्रंथात लिहिलेले होते आणि गावगाड्यात पाळले जात होते. ज्या ग्रंथात ते लिहिले होते तो ग्रंथ ज्या तालुक्यात जाहीरपणे जाळला गेला, त्याच तालुक्यात मी राहतो. म्हणून हा विषय मला दूरचा नाही.

तो पुन्हा जवळ आला २०२१ साली. २२ जुलैला सावित्रीचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरले तेव्हा घराघरांतून चिखलाने माखलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, पोरांच्या वह्या आणि कुजत चाललेले धान्य रस्त्यावर आले. मग बाहेरून मदतीच्या गाड्या येऊ लागल्या. त्यातली पुष्कळ मदत मनापासून आलेली होती आणि उपयोगी होती, हे आधी नोंदवले पाहिजे. पण एका गाडीतून जुन्या कपड्यांची गाठोडी आली आणि ती ओल्या पटांगणावर ओतली गेली. बटणे तुटलेले सदरे, डाग पडलेल्या चादरी, एका पायाच्या चपला, लग्नसमारंभातले जरीचे फाटके घागरे. वाटप करणारा तरुण भला होता. तो म्हणत होता, “घ्या, ज्याला जे लागेल ते घ्या.”

आमच्या वस्तीतली सत्तरी ओलांडलेली एक काकी पुढे झाली. तिने ढिगातून एक पांढरे धोतर उचलले, उजेडात धरले आणि विचारले, “बाबा, ह्ये अंगावरनं उतरवलेलं हाय, का मढ्यावरनं?”

तो तरुण गोंधळून हसला. त्याला प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि कळूनही मी काकीला समजावायला गेलो. म्हणालो, “काकी, आता तसं काय राहिलं नाय.” ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “मास्तर, तू शिकलास. मी बघितलंय.” धोतर होते तिथे ठेवून ती घरी गेली. तिच्या घरात त्या दिवशी एक कोरडे लुगडे नव्हते.

त्या संध्याकाळी मला माझ्या वाक्याची लाज वाटली. कार्यकर्ते म्हणून, शिक्षक म्हणून आपण लोकांना इतिहास सांगत फिरतो. आणि इतिहास समोर उभा राहून प्रश्न विचारतो तेव्हा आपण त्याला गप्प करायला जातो. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

२

काकीने काय पाहिले होते?

गावगाड्यात महाराच्या वाट्याला जे हक्क म्हणून येत, त्यांची यादी ‘बावन्न हक्क’ या नावाने सांगितली जाते. मेलेले ढोर हा हक्क, घरोघर फिरून मागितलेली भाकरी हा हक्क, आणि प्रेतावरचे वस्त्र हाही हक्क. शब्दाची ही करामत पाहण्यासारखी आहे. ज्या वस्तूला घरातले कोणी हात लावणार नाही, जी घरात ठेवणे अशुभ, ती वस्तू दुसऱ्याने उचलून नेणे याला ‘हक्क’ म्हणायचे. राबणुकीचा मोबदला चलनात द्यावा लागू नये म्हणून तो उष्ट्यात, मढ्यात आणि उतरणीत द्यायचा. आणि घेणाऱ्याने त्याचा अभिमान बाळगावा म्हणून त्याला सनदेचा डौल द्यायचा.

उतरण म्हणजे अंगावरून उतरवलेले. हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझी आजी सांगे की, सणावाराला खोताच्या वाड्याच्या मागल्या दाराशी उभे राहिले की वरून कापड टाकले जाई. हातात दिले जात नसे, टाकले जाई. ते झेलता आले पाहिजे, कारण जमिनीवर पडले तर पुन्हा वाकावे लागे. दंड घालून घालून दंडच उरलेले लुगडे, खांद्यावर विरलेला सदरा, तळ गेलेले पातेले, कान तुटलेला कप. आणि त्या कपाचा प्रवास लक्षात घ्यावा. कान शाबूत असताना तो माजघरात होता. कान तुटल्यावर तो पडवीच्या कोनाड्यात आला आणि त्याच पडवीखाली बसणाऱ्यांना चहा देण्यासाठी राखून ठेवला गेला. त्यालाही दुसरे आयुष्य मिळाले होते! त्या दुसऱ्या आयुष्याचा अर्थ एवढाच होता की, समोर बसलेला माणूस कान असलेल्या कपाच्या लायकीचा नाही.

हे काही कोणा एका खोताच्या कंजूषपणाचे फळ नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात याची व्यवस्था लावून दिलेली आहे. चांडाळ आणि श्वपाक यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे, ब्राह्मणाची सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे याची यादी येते: उरलेले अन्न, जुनी वस्त्रे, धान्याचा कोंडा-गाळ, आणि जीर्ण ‘परिच्छद’. परिच्छद म्हणजे घरातले सामान, अंथरूण-पांघरूण, बसाउठायची साधने. म्हणजे जुने घरसामान खाली कोणाला द्यायचे याचा नियम स्मृतिकाराने स्वतंत्रपणे घालून ठेवला आहे. ज्याला आपण गरिबी समजतो तिच्यातला बराच भाग हा विधी होता. फुटके भांडे परवडत नाही म्हणून वापरले जात नव्हते; दुसरे वापरण्याला मनाई होती म्हणून वापरले जात होते. पैसा असूनही चांगले कापड नेसल्याबद्दल मार खाल्लेल्यांच्या कहाण्या आमच्या वस्त्यांमध्ये कमी नाहीत.

३

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की, वस्तूचा प्रवास एकाच दिशेने चाले.

वस्तू शुद्ध करण्याचे शास्त्र धर्मग्रंथांत मोठ्या बारकाईने सांगितलेले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूची भांडी क्षाराने, आंबटाने आणि पाण्याने कशी शुद्ध करावीत, मातीचे भांडे पुन्हा भाजून कसे शुद्ध होते, कापड आणि धान्य पाणी शिंपडून कसे शुद्ध होते, हे सारे आहे. म्हणजे वस्तूला दुसरे आयुष्य देण्याची विद्या या समाजाला ठाऊक होती. मात्र ज्या भांड्यात चांडाळ जेवला ते भांडे कायमचे टाकायचे. तिथे क्षार चालत नाही, अग्नी चालत नाही. सवर्णाच्या हातून निघालेली वस्तू कितीही जुनी झाली तरी खाली चालते. आमच्या हाताला लागलेली वस्तू नवी असली तरी वर चालत नाही.

कोकणात याला एक विलक्षण अपवाद होता, आणि तोच सारा दंभ उघडा पाडतो. आमच्याकडचे महार बांबूचे काम करत. सूप, रोवळी, टोपली, कणगी ही आयदाने आमच्या बाया विणत आणि गावात विकत. ती सवर्णांच्या घरात गेल्याशिवाय भात पाखडला जात नसे. मग त्यांच्या विटाळाचे काय? आजी सांगे, सूप अंगणात ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडले जाई, आणि ते घरात जाई. ज्या हातांनी ते दोन दिवस विणले त्या हातांचा विटाळ चार थेंब पाण्याने जाई. गरज असली की शास्त्राला वाट सापडते. गरज नसली की त्याच हातांनी तळ्याला स्पर्श केला तर सारे तळे बाटते.

तळ्याचा उल्लेख ओघाने आला, तो पुढे न्यायला हवा. कारण वस्तूच्या शुद्धीचे हे शास्त्र महाडात १९२७ साली साऱ्या जगाने पाहिले. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. ठराव कागदावर होता. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (आपला जिल्हा त्या वेळी कुलाबा होता, रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले.) २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. मंडपातले अन्न मातीत मिसळले गेले. आणि पुढे तळ्याची शुद्धी करण्यात आली. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात पंचगव्य मिसळले आणि मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतले.

शेण आणि गोमूत्र मिसळून शुद्ध होते, माणसाने पिऊन बाटते, असे हे पाणी! या जिल्ह्यातली पुनर्वापराची सर्वांत प्रसिद्ध घटना कोणती असे मला कोणी विचारले, तर मी या १०८ घागरींचे नाव घेईन. वापरलेली वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करण्याचा तो समारंभ होता. त्यात मळ कोणता मानला होता? तो मळ आम्ही होतो.

४

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली. बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि समुद्रमार्गे हरिहरेश्वर, तेथून सावित्रीच्या खाडीने दासगाव असा प्रवास करून २५ तारखेला दुपारी उतरले. दासगावाहून सारे पायी महाडला गेले. गावातली जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन मंडपासाठी दिली. त्या रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळण्यात आली.

या दहनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे एकच बाजू सांगायची आहे. जुन्या ग्रंथालाही दुसरे आयुष्य द्यावे, त्यातले चांगले घ्यावे, वाईट सोडावे, नवा अर्थ लावावा, असे सांगणारे सुधारक तेव्हाही होते आणि आजही आहेत. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’त या कृतीची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली. ती तुलना आपल्या विषयाला अगदी नेमकी लागू पडते. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते विदेशी कापडाची प्रचंड होळी झाली, तेव्हा वस्त्रहीन माणसांच्या देशात कापड का जाळता, ते गरिबांना का देत नाही, असा आक्षेप रवींद्रनाथांसारख्यांनी घेतला होता. आक्षेप सहृदय होता. पण त्यात एक गोष्ट निसटत होती. जी वस्तू आपण गुलामीचे चिन्ह म्हणून अंगावरून उतरवतो, तीच गरिबाच्या अंगावर चढवायची असेल, तर गुलामी उतरली कोठे? ती फक्त खाली सरकली. काही वस्तूंना दुसरे आयुष्य देता कामा नये, हा विवेक महाडच्या अग्नीत होता. जीर्ण परिच्छद कोणाला द्यावा हे ज्या पानावर लिहिले होते, ते पान कोणाच्या घरी उतरण म्हणून जायला नको होते.

आणि याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण आठवावे. लुगडे वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका नेसतात तसे नेसा, जात दाखवणारे गळ्यातले आणि हातातले कथलाचे, चांदीचे ढीगभर दागिने टाका, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलींना शिकवा. महागाचे नेसा असे ते सांगत नव्हते, आणि सांगून ते कोणाला परवडणारही नव्हते. प्रश्न किमतीचा नव्हता, खुणेचा होता. मनुस्मृतीने ज्यांना लोखंडाचे दागिने नेमून दिले होते, त्यांच्या अंगावरच्या धातूलाच त्यांनी हात घातला. सभेतल्या अनेक स्त्रियांनी तिथल्या तिथे लुगड्याची नेसण बदलली, हे परिषदेच्या इतिहासात नोंदलेले आहे.

माझी पणजी त्या सभेहून घरी आली ती हातांत वाळे न घालता, असे आजी सांगे. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. पणजीने ते वाळे कोणा गरजू बाईला दिले नाहीत. “आपल्या पायातला काटा दुसरीच्या पायात का घालायचा?” असे ती म्हणाली. पण वस्तू वाया घालवणारी ती बाईही नव्हती. पुढे कल्हईवाला आला तेव्हा तिने ते कथलाचे वाळे त्याच्यापुढे टाकले, आणि घरातल्या एकुलत्या एका पितळी पातेल्याला कल्हई करून घेतली. दागिना म्हणून तो धातू संपला. भांड्याच्या पोटात तो राहिला. माझ्या मते जुन्या वस्तूला दुसरे आयुष्य देणे याचा अर्थ एवढ्या नेमकेपणाने मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेला नाही. वस्तूतली खूण मारायची आणि वस्तूतले कामाचे तेवढे ठेवायचे. आणि हा निर्णय वापरणाऱ्याने स्वतः करायचा.

५

उतरणीच्या इतिहासाबरोबर आमच्या घरांत दुसरा एक इतिहास चालत आला. तो कोणी लिहिला नाही, कारण तो बायकांच्या हातातल्या सुईने लिहिला गेला.

लुगडे मध्ये विरले की ते आडवे फाडायचे, विरलेला भाग काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंडही विरला की पोरीचे परकर, परकर फाटला की बाळाचे दुपटे, दुपटे गेले की पोतेरे; आणि ज्यात अजून थोडा दम आहे अशा साऱ्या तुकड्यांची गोधडी. धावदोऱ्याने चारी बाजूंनी आत आत येत शिवलेली. आमच्या घरची गोधडी उलगडली की आजी बोट ठेवून सांगे: ही तुझ्या आईची चोळी, ही थोरल्या काकाची गिरणीतली विजार, हा तू जन्मलास तेव्हाचा तुकडा. त्यात एकही तुकडा कोणा परक्याच्या अंगावरचा नव्हता, याबद्दल ती फार दक्ष असे. उतरण मिळालेले कापड ती अंगात घालायला देई, कारण इलाज नव्हता. पण गोधडीत घालत नसे. “झोपंत तरी आपलं आपल्याजवळ असूं दे,” म्हणे.

बांबूचे सूप कडेला फाटले की आम्ही नवी काठी बांधत असू. टोपली गळू लागली की भिजवलेला कागद आणि मेथ्या वाटून तिला आतून बाहेरून लिंपायचे. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावणारा येई आणि दगडाला नवे दात येत. रॉकेलचा डबा आधी पाणी भरायला, मग त्याला भोक पडले की धान्याला, मग कापून सपाट करून कुडाच्या भिंतीला. या साऱ्याला कोणी पर्यावरण म्हणत नव्हते. ते घर चालवणे होते.

मुंबईने यात एक नवी गोष्ट आणली. या किनाऱ्यावरून धरमतर, रेवस आणि खाडीतल्या बंदरांतून आमची माणसे मुंबईला गेली. गोदीत, गिरणीत, रेल्वेत आणि नगरपालिकेच्या झाडूखात्यात लागली. तिथे जुने सामान बाजारात विकत मिळे. माझ्या चुलत्यांनी चाळीतल्या खोलीसाठी जुन्या बाजारातून लोखंडी खाट घेतली. आधी ती कोणाची होती, कोणी तिच्यावर मेले की जन्मले, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि विचारायची गरजही नव्हती. त्यांनी घासाघीस केली, पैसे मोजले आणि खाट खांद्यावरून चाळीत आणली. तीच वस्तू गावात कोणी दिली असती तर ती उतरण ठरली असती. पैसे मोजल्यावर ती खाट झाली. बोहारणीच्या पाटीतही हेच घडे: जुन्या कपड्यांवर भांडे घेणारी सवर्ण बाई आणि पुढे तेच कपडे विकत घेणारा मजूर यांच्यामध्ये बाजार उभा असे, आणि बाजाराला जात विचारायला वेळ नसे. बाजार काही न्यायी नसतो, हे मी जाणतो. चाळीतल्या नळावरही आमच्या माणसांना विटाळ भेटला. पण मागल्या दाराशी झेललेले कापड आणि बाजारात घासाघीस करून घेतलेले कापड यांत माणूसपणाचे अंतर आहे, ते अंतर मोजणाऱ्याने आमच्या बाजूने मोजावे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्या महिन्या-वर्षांत ही लाट आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांपर्यंत आली. घरोघरचे देव खाडीत गेले. पण देव्हारा? आमचा देव्हारा सागवानी होता. आजोबांनी तो रंधा मारून घेतला, वरची कमान काढली आणि त्यात बाबासाहेबांची तसबीर व माझी पाठ्यपुस्तके ठेवली. मी त्या देव्हाऱ्यात ठेवलेल्या पुस्तकांवर मॅट्रिक झालो. पणजीच्या वाळ्यांना जो न्याय मिळाला होता, तोच आजोबांनी लाकडाला दिला.

वतनाची पद्धत कायद्याने संपायला मात्र १९५८ सालचा कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलनाचा कायदा यावा लागला. बाबासाहेबांनी त्यासाठी विधेयक मांडले होते १९२८ साली. म्हणजे ‘हक्क’ नावाची ही उतरण अंगावरून काढायला तीस वर्षे लागली.

६

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ.

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर शहरातल्या श्रीमंतांचे बंगले उभे राहिले आहेत. त्यांपैकी अनेकांत जुन्या वस्तू हौसेने मांडलेल्या दिसतात. पाडलेल्या वाड्याचा दरवाजा जेवणाचे टेबल होतो, जाते बागेत ठेवले जाते, तांब्याच्या घंगाळात कमळे लावतात. याला माझा आक्षेप नाही. लाकूड कुजण्यापेक्षा टेबल झालेले बरे. पण त्या दरवाजाबाहेर कोणाला थांबावे लागत होते आणि ते जाते पहाटे कोण ओढत होते, हे त्या घरात कोणी विचारत नाही. वस्तू टिकली, तिच्यातला माणूस पुसला गेला. जुनेपणाची हौस ज्यांना आहे त्यांच्यावर जुने कधी लादले गेलेले नसते. फाटकी विजार मुद्दाम विकत घेऊन घालण्याचे धाडस त्यालाच परवडते ज्याची फाटकी विजार पाहून कोणी त्याची जात ओळखणार नाही. आमची पोरे आजही मुलाखतीला जाताना कर्ज काढून नवा सदरा घेतात. त्यांना उधळे म्हणण्यापूर्वी महाडच्या त्या भाषणाची आठवण ठेवावी.

आणि या नव्या पुनर्वापराचे खरे काम कोणाच्या हातांनी चालते? शहराच्या कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून तो पुन्हा उपयोगात आणणाऱ्या बाया कोणत्या समाजातल्या आहेत? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत मोठी संख्या दलित स्त्रियांची आहे. त्या संघटनेने या बायांना ओळखपत्र मिळवून दिले आणि त्यांचे काम हे काम आहे, भीक नव्हे, हे महापालिकेला मान्य करायला लावले. ही लढाई महत्त्वाची आहे. तरी प्रश्न उरतोच: साऱ्या समाजाने टाकलेल्या वस्तूंना दुसरे आयुष्य देण्याचे काम पुन्हा त्याच जातींच्या वाट्याला का यावे? वतन गेले, पण वाटणी गेली नाही.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसक’ काढून धर्ममार्तंडांना प्रश्न विचारत होते. आमच्या भागात प्रश्न विचारण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे. काकीचा प्रश्न मी त्याच परंपरेत मोजतो. तिला अक्षरओळख नाही. पण तिच्या एका वाक्यात दहाव्या अध्यायावरचा आक्षेप होता.

७

पटांगणातल्या त्या ढिगाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो.

तो ढीग दोन दिवस तसाच पडून होता. मग वस्तीतल्या तरुण मुलींनी सभा बोलावली. एकीचे म्हणणे पडले की सारा ढीग परत पाठवावा. दुसरी म्हणाली, परत पाठवायला गाडीभाडे कोण देणार, आणि रात्री पोरांना थंडी वाजते त्याचे काय? बराच वाद झाला. शेवटी ठरले ते असे: कोणी ढिगातून एकट्याने उचलायचे नाही, सारे कापड मंडळाच्या नावाने ताब्यात घ्यायचे, निवडायचे, सोड्याच्या पाण्यात उकळायचे. अंगात घालण्याजोगे असेल ते दोरीवर टांगून ठेवायचे, ज्याला हवे त्याने मापाचे पाहून घ्यावे आणि मंडळाच्या डब्यात पाच रुपये टाकावेत. उरलेल्या सुती कापडाच्या गोधड्या शिवायच्या. पांढरे धोतर कोणी घेतले नाही. ते फाडून पूरग्रस्त घरांच्या फरशा पुसल्या.

काकी गोधड्या शिवायला आली. मी विचारले, “काकी, आता चाललं?” ती सुईत दोरा ओवत म्हणाली, “आता माझ्या हातनं कापलंय.”

जुन्या वस्तू देणाऱ्या संस्थांना आणि व्यक्तींना माझी विनंती आहे की, देण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. ही वस्तू माझ्या बरोबरीच्या मित्राला मी देईन काय? घेणाऱ्याला ती पाहून, निवडून नाकारण्याची मोकळीक आहे काय? आणि त्याच्या घरची एखादी वस्तू मी माझ्या घरात आणीन काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती देवघेव नव्हे. वस्तूचा प्रवास अजून एकाच दिशेने चालू आहे, आणि १०८ घागरी कोठेतरी भरून ठेवलेल्या आहेत.

विद्यार्थ्यांना आणि तरुण अभ्यासकांना एक काम सुचवतो. आपापल्या वस्तीत जा आणि घरातल्या जुन्या वस्तूंची यादी करा. हंडा, खाट, पेटी, गोधडी, देव्हारा. प्रत्येक वस्तू कशी आली ते म्हाताऱ्या माणसांना विचारा: विकत घेतली, विणली, शिवली, की वरून टाकलेली झेलली? आपल्या लोकांची दप्तरे सरकारी कचेरीत फारशी सापडणार नाहीत. ती या वस्तूंत आहेत. २०२१ च्या पुरात आमच्या वस्तीतल्या कितीतरी वस्तू वाहून गेल्या. आजीची गोधडीही गेली. त्या गोधडीतला कोणता तुकडा कोणाचा, हे मी आज कोणाला सांगू शकतो ते केवळ मी लहानपणी विचारले होते म्हणून.